फिफ्टी नाइन, ट्वेन्टी टू : हौशी रेडिओची स्पर्धा आणि तिच्या मागचे इंटरनेट

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवारी, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहण्याच्या सुमाराला, म्हणजे पहाटे बरोबर साडेपाच वाजता, माझ्या खोलीतल्या रेडिओवर एकदम गलका सुरू होतो. मिनिटभर आधी जिथे नुसती खरखर असते, तिथे डझनावारी माणसे एकाच वेळी ओरडू लागतात आणि पुढचे ४८ तास थांबत नाहीत. हे ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा मला जिन्यातच अडवले. "काय रं, दोन दिस नुसतं आकडंच आकडं? मटका-बिटका लावतोस काय?" त्यांना जे उत्तर मी जिन्यात उभ्या उभ्या धड देऊ शकलो नाही, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

हौशी रेडिओ, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात, हा परवानाधारकांचा छंद आहे. आपल्याकडे केंद्राच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी, परीक्षेनंतर परवाना देते आणि त्याबरोबर जगात दुसऱ्या कोणाचेही नसलेले एक संकेतनाम मिळते. भारतीय हौशी केंद्रांची संकेतनामे बहुधा 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री' अशी सुरू होतात. या संकेतनामाने स्वतःच्या घरातून, स्वतःच्या अँटेनावरून, कोणताही व्यावसायिक हेतू न ठेवता इतर परवानाधारकांशी बोलता येते. ज्याला स्पर्धा किंवा कॉन्टेस्ट म्हणतात, तो याच छंदाचा सर्वांत गजबजलेला प्रकार.

साडेपाचचा मुहूर्त कुठून आला, हे आधी सांगतो. जगभरच्या हॅमना एकच घड्याळ हवे असल्यामुळे ते यूटीसी हा जागतिक वेळ पाळतात, आणि तो आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असतो. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. तिचा आवाजाचा भाग ऑक्टोबरच्या आणि मोर्स संकेतांचा भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, यूटीसीप्रमाणे शनिवारच्या शून्य वाजल्यापासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत चालतो. कोल्हापुरात ते शनिवार पहाट ते सोमवार पहाट असे येते, त्यामुळे आमच्यापैकी नोकरदार माणसाचा सोमवार कसा जातो हे वेगळे सांगायला नको.

खेळ सांगायला सोपा आहे. १६०, ८०, ४०, २०, १५ आणि १० मीटर तरंगलांबीच्या सहा बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर, जितक्या केंद्रांशी, जितक्या देशांशी आणि जितक्या झोनशी संपर्क होईल तितका करायचा. या स्पर्धेसाठी पृथ्वीचे ४० झोन केलेले आहेत. भारताची मुख्य भूमी २२व्या झोनमध्ये येते आणि श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश हेही त्याच झोनमध्ये आहेत. पाकिस्तान मात्र २१मध्ये मोडतो. अंदमान-निकोबार आपलेच असले तरी रेडिओच्या नकाशावर ते वेगळा देश धरले जाते आणि त्याचा झोन २६ आहे. काकांना मटक्याचा वाटलेला 'ट्वेन्टी टू' हा आकडा म्हणजे माझा पत्ता होता.

आता एक संपर्क अगदी जवळून पाहू. जर्मनीतले एक केंद्र हाक देत आहे, "सीक्यू कॉन्टेस्ट, डेल्टा लिमा..." आणि पुढे त्याच्या संकेतनामाची उरलेली अक्षरे, जी मी इथे गाळतो. 'सीक्यू' म्हणजे 'कोणी आहे का, या', आणि डेल्टा, लिमा म्हणजे डी, एल ही अक्षरे. मी उत्तरात फक्त माझे संकेतनाम एकदा उच्चारतो, "व्हिक्टर युनिफॉर्म टू..." तो ते परत म्हणून पुढे जोडतो, "फिफ्टी नाइन, फोर्टीन." मी म्हणतो, "थँक यू, फिफ्टी नाइन, ट्वेन्टी टू." तो म्हणतो, "थँक यू," आणि लगेच पुढची हाक देतो. सगळा व्यवहार दहा सेकंदांच्या आसपास आटोपतो. त्यात नाव नाही, गाव नाही, हवापाणी नाही. चांगल्या जागेवरचा कसलेला ऑपरेटर गर्दीच्या तासात असे दोनशेहून अधिक संपर्क करतो, आणि तिथे प्रत्येक जादा शब्द म्हणजे गमावलेला संपर्क असतो.

यातला 'फिफ्टी नाइन' हा भाग खरे तर गमतीचा आहे. पाच म्हणजे बोलणे पूर्ण कळते आणि नऊ म्हणजे आवाज जोरदार आहे, असा तो शेरा. नियमाप्रमाणे जसे ऐकू येईल तसा शेरा द्यायला हवा, पण स्पर्धेत सगळेच सगळ्यांना फिफ्टी नाइन देतात. "तुमचे संकेतनाम पुन्हा सांगा, पुन्हा सांगा, अजून एकदा" असे चार वेळा विचारून झाल्यावरही शेवटी "यू आर फिफ्टी नाइन" म्हणणारे महाभाग रोज भेटतात. लग्नात जेवण कसे होते विचारल्यावर जसे सगळे 'उत्तम' म्हणतात, तसेच हे. मोर्सवर हाच शेरा ५९९ असा असतो आणि तो पाठवताना तर नऊच्या जागी 'एन' हे अक्षर पाठवतात, कारण नऊला चार डॅश (लांब ठोके) आणि एक डिट (आखूड ठोका) लागतात, तर एनला एक डॅश आणि एक डिट पुरतो.

गुण कसे मोजतात तेही आकडे घेऊनच कळेल. दुसऱ्या खंडातल्या केंद्राशी संपर्क झाला तर ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाला तर १ आणि आपल्याच देशातल्या केंद्राशी झाला तर शून्य. समजा, एखाद्याने युरोपशी १०० संपर्क केले, आशियातल्या देशांशी ४० आणि भारतातल्या दोन केंद्रांशी बोलला, तर त्याचे गुण ३४० झाले. आता त्याला प्रत्येक बँडवर मिळालेले वेगवेगळे देश आणि वेगवेगळे झोन मोजायचे. समजा, ते ३५ देश आणि १४ झोन भरले, म्हणजे गुणक झाला ४९. अंतिम गुणसंख्या ३४० गुणिले ४९, म्हणजे १६,६६०. शून्य गुणांचा भारतातला संपर्कसुद्धा फुकट जात नाही, कारण त्या बँडवर भारत हा देश आणि २२ हा झोन त्यानेच हाती लागतो. म्हणूनच सांगलीचे किंवा पुण्याचे केंद्र ऐकू आले की मी हातातले काम टाकून आधी तिकडे वळतो.

या गुणाकारामुळेच इंटरनेटला इतके महत्त्व आले आहे. विसाव्यांदा जर्मनी मिळाली तर तीन गुण वाढतात, पण आफ्रिकेतला एखादा नवा देश मिळाला तर ३४०च्या पटीत फरक पडतो. तो देश या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे कोणी कानात सांगितले, तर ते कोणाला नको आहे? असे कानात सांगण्याचे काम डीएक्स क्लस्टर करतो. जगातल्या कोणत्याही हॅमला एखादे दूरचे केंद्र ऐकू आले की तो त्याचे संकेतनाम, फ्रिक्वेन्सी आणि वेळ अशी एक ओळ क्लस्टरवर टाकतो. या ओळीला 'स्पॉट' म्हणतात आणि ती काही क्षणांत सगळ्यांच्या पडद्यावर उमटते. ही सोय इंटरनेट घरोघरी येण्याआधीपासूनची आहे. त्या काळी हेच स्पॉट पॅकेट रेडिओवरून, म्हणजे संगणकाचा मजकूर रेडिओलहरींवर पाठवण्याच्या पद्धतीने, एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जात.

त्यापुढची पायरी म्हणजे रिव्हर्स बीकन नेटवर्क. यात माणूस ऐकतच नाही. जगभर स्वयंसेवकांनी मांडलेले रिसीव्हर एकाच वेळी अख्खा बँड ऐकतात, त्यांना जोडलेले सॉफ्टवेअर त्यातले मोर्स संकेत उलगडते आणि कोण सीक्यू देत आहे, किती जोरात देत आहे, हे आपोआप प्रसिद्ध करते. अँटेनाची परीक्षा पाहायला याच्यासारखे साधन नाही. २० मीटर बँडसाठी माझ्या गच्चीवर साधारण १० मीटर लांबीची तारेची डायपोल ही साधी अँटेना आहे. तिची दिशा बदलली की मी मोर्समध्ये दोनदा सीक्यू देतो आणि संगणकाकडे पाहतो. युरोपातल्या रिसीव्हरांनी मला पकडले असेल तर मिनिटभरात माझे संकेतनाम सिग्नलच्या डेसिबलसकट दिसते, आणि पकडले नसेल तर पुन्हा शिडी लावून गच्चीच्या कठड्यावर चढावे लागते. पूर्वी याच कामाला पोस्टाने येणाऱ्या क्यूएसएल कार्डांची, म्हणजे संपर्काच्या पोचपावत्यांची, वाट पाहत बसावे लागे.

इतर साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. कोणत्या आठवड्यात कोणती स्पर्धा आहे, तिचा नियम काय आणि देवाणघेवाण काय करायची, हे सांगणारी स्पर्धा-दिनदर्शिका नव्या माणसाने सर्वांत आधी पाहावी. क्यूआरझेड डॉट कॉम ही संकेतनामांची जागतिक डिरेक्टरी आहे. सूर्याची अवस्था सांगणारे आकडे अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे अवकाश हवामान केंद्र देते. त्यात सोलर फ्लक्स (सूर्याच्या रेडिओ-उत्सर्जनाचे माप) जास्त आणि के-इंडेक्स (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचे माप) कमी असेल तर आमच्या तोंडाला पाणी सुटते. सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते आणि सध्याच्या २५व्या चक्राने कमाल टप्पा गाठल्याचे नासा आणि नोआ यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केले. अशा काळात दुपारनंतर १० मीटरवर युरोप इतका स्वच्छ येतो की पलीकडचा माणूस राजारामपुरीतून बोलत आहे असे वाटावे. अंधार पडला की हे जास्त फ्रिक्वेन्सीचे बँड मिटू लागतात आणि गर्दी ४० मीटरवर सरकते. रेडिओलहरी आयनावरणावरून परततात आणि ते आवरण सूर्यप्रकाशाने घडते, म्हणून हा सगळा दिनक्रम सूर्याच्या घड्याळावर चालतो.

एक अडचण मात्र कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. आवाजाची स्पर्धा बहुधा दिवाळीच्या आगेमागे येते आणि त्या दिवसांत गल्लीभर एलईडीच्या माळा लागलेल्या असतात. त्यांतल्या स्वस्त पुरवठा-सर्किटांमधून जी घरघर निघते, ती ४० मीटरवरचे क्षीण संकेत गिळून टाकते. आता कोणाच्या दारातला आकाशकंदील विझवायला कसे सांगणार?

इथे मूळ मुद्द्यावर येतो. क्लस्टर काय सांगतो, तर दुसऱ्या कोणाला काय ऐकू आले. ते बरोबर असेलच असे नाही. मोर्समध्ये 'एस' म्हणजे तीन डिट, 'एच' म्हणजे चार आणि ५ हा अंक म्हणजे पाच. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने, जो स्पर्धेत अगदी नेहमीचा आहे, एक डिट ४० मिलिसेकंदांचा असतो. मधली रिकामी जागा धरली तर एस २०० मिलिसेकंदांत संपतो आणि एच २८०मध्ये. म्हणजे दोन वेगळ्या केंद्रांमधला फरक ८० मिलिसेकंदांचा. आवाजाच्या स्पर्धेत अशीच गफलत 'फोर्टीन' आणि 'फॉर्टी' यांच्यात होते. पहिला झोन पश्चिम युरोपचा, दुसरा आइसलंड-ग्रीनलंडकडचा.

एका नोव्हेंबरमध्ये १५ मीटरवर आफ्रिकेतले एक केंद्र क्लस्टरवर दिसले. मी पडद्यावरच्या ओळीवर क्लिक केले, रेडिओ आपोआप त्या फ्रिक्वेन्सीवर गेला आणि लॉगच्या, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीच्या, सॉफ्टवेअरने संकेतनाम आपणहून भरून ठेवले. समोरचा गर्दीतून मला ओळखेपर्यंत दहा मिनिटे गेली. माझे संकेतनाम त्याने बरोबर म्हटले, मी आनंदाने देवाणघेवाण पूर्ण केली आणि एंटर दाबला. त्या दहा मिनिटांत तो आपले स्वतःचे संकेतनाम निदान पंधरा वेळा पाठवत होता आणि त्यात दरवेळी चार डिट होते. माझ्या लॉगमध्ये तीनच डिटांचा एस होता, कारण पडद्यावर एस होता. मी ते संकेतनाम वाचले होते, ऐकले नव्हते.

ही चूक कशी उघडकीला येते, तो या स्पर्धेचा सर्वांत देखणा भाग आहे. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत प्रत्येकाने आपला लॉग आयोजकांकडे पाठवायचा असतो. तो 'कॅब्रिलो' नावाच्या साध्या मजकुराच्या नमुन्यात असतो आणि त्यात दर संपर्काची एक ओळ असते. जगभरातून असे हजारो लॉग येतात आणि संगणक त्यांतली प्रत्येक ओळ समोरच्याच्या लॉगशी ताडून पाहतो. मी जर्मनीशी २० मीटरवर ०९:१४ला बोललो असे म्हणत असेन, तर त्या जर्मन केंद्राच्या लॉगमध्येही तेवढ्याच सुमाराला माझे संकेतनाम आणि २२ हा झोन असायला हवा. संकेतनाम चुकले तर तो संपर्क रद्द होतो आणि वर त्याच्या दुप्पट गुण दंड म्हणून जातात. समोरच्याच्या लॉगमध्ये मी मुळीच नसेन, तरी तीच शिक्षा. ज्याने बरोबर लिहिले त्याचे काही जात नाही. खासबागेत पाठ मातीला लागली की निकाल तिथल्या तिथे होतो. इथे पंच काही महिन्यांनी सांगतो की, तुम्हाला जिंकल्यासारखी वाटलेली कुस्ती खरे तर तुम्ही हरला होता. माझ्या त्या आफ्रिकेच्या केंद्राचे ३ गुण गेले, ६ गुण दंड झाला आणि नव्या देशाचा गुणकही हातचा गेला. तपासणीच्या अहवालात ती ओळ स्वच्छ लिहिलेली होती. डाव्या बाजूला मी लिहिलेले संकेतनाम, उजवीकडे खरे.

चुकलेला स्पॉट एकट्याला बुडवत नाही. एकाने एचचा एस केला की त्यावर क्लिक करणारे शंभर जण तीच चूक आपापल्या लॉगमध्ये उतरवतात, आणि इतक्या जणांनी लिहिले आहे म्हणजे ते खरेच असणार असा भास तयार होतो. सॉफ्टवेअरने आधीच भरून दिलेला झोन हाही असाच सापळा आहे. अमेरिका ३, ४ आणि ५ अशा तीन झोनमध्ये पसरली आहे आणि तिथला माणूस राज्य बदलले तरी जुने संकेतनाम ठेवू शकतो, त्यामुळे संकेतनामावरून झोन ओळखणारी यादी अनेकदा फसते. समोरचा 'फाइव्ह' म्हणत असतो आणि पडद्यावर ३ असतो. घाईत माणूस पडद्यावर विश्वास ठेवतो.

म्हणूनच नियम करणाऱ्यांनी इंटरनेटला पूर्ण मज्जाव केला नाही, तर त्याच्यासाठी वेगळी पंगत मांडली. स्पॉटची मदत घेणाऱ्या एकट्या ऑपरेटरचा गट 'असिस्टेड' म्हणून निराळा असतो, आणि मदत न घेणाऱ्याने क्लस्टर किंवा रिव्हर्स बीकन यांच्याकडे स्पर्धेच्या काळात पाहायचेही नसते. सर्व रिसीव्हर आणि ट्रान्समीटर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात असावे लागतात, म्हणजे कोल्हापुरात बसून हॉलंडमधला रिसीव्हर वापरून ऐकणे चालत नाही. स्पर्धा संपल्यावर एखादी माहितीयादी किंवा ध्वनिमुद्रण काढून लॉगमधली संकेतनामे दुरुस्त करणेही नियमात बसत नाही. बाहेरच्या माणसाला हा शेवटचा नियम विचित्र वाटतो, कारण चूक सुधारण्यात गैर काय, असे त्याला वाटते. पण मोजायचे काय आहे ते लक्षात घेतले की तो पटतो. त्या क्षणी, त्या गोंगाटात, तुम्ही काय ऐकले एवढेच इथे मोजायचे आहे.

स्पर्धा संपल्यावरच्या गप्पा हा एक स्वतंत्र प्रकार आहे. पूर्वी अमेरिकेतले स्पर्धक सोमवारी ३८३० किलोहर्ट्झवर जमून आपापले गुण सांगत. आज गुण नोंदवण्याच्या प्रसिद्ध संकेतस्थळाचे नावही ३८३०च आहे. आपल्या पेठांच्या फुटबॉलचा सामना संपल्यावर चौकात जे चालते, तेच तिथे चालते. अँटेना वाऱ्याने पडली, शेवटच्या तासाला वीज गेली, अमुक केंद्राने माझी फ्रिक्वेन्सी बळकावली, आणि सगळ्यांत जुना वाद म्हणजे असिस्टेड खेळणे हा खरा खेळ आहे का. माझे मत विचाराल तर स्पॉट वापरण्यात कमीपणा नाही, कारण गच्चीवरच्या दहा मीटर तारेने आणि शंभर वॉटने खेळणाऱ्याला बँड चाळत बसायला वेळ परवडत नाही. पण संकेतनाम कानाने पुरते ओळखल्याशिवाय एंटर दाबणे हे मात्र उधारीचे काम आहे आणि वसुली दुपटीने होते. त्या नोव्हेंबरनंतर मी एक साधी सवय लावून घेतली आहे. क्लिक केल्यावर संकेतनामाचा रकाना मी रिकामा करतो आणि ऐकून पुन्हा टंकतो. त्यात दोन-तीन सेकंद जातात.

ज्यांना परवाना नाही, त्यांनाही हा गलका ऐकता येतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा ब्राउझरमधून चालवता येणारा रिसीव्हर आहे. त्यावर १४,१५० ते १४,३५० किलोहर्ट्झच्या दरम्यान, यूएसबी (अपर साइडबँड) ही आवाजाच्या प्रसारणाची पद्धत निवडून, स्पर्धेच्या शनिवारी दुपारी ऐकायला बसा. एक आवाज निवडा आणि तो सोडू नका. शेजारी कागद ठेवा, ऐकू येईल तसे संकेतनाम लिहा, शेवटचा आकडा लिहा, आणि 'ट्वेन्टी टू' कानावर आले तर पलीकडचे केंद्र आपल्या बाजूचे, बहुधा भारतातले, असे समजा. दहा संकेतनामे लिहून झाली की मग क्लस्टर उघडा आणि ताडून पाहा. आधी नको.